पंधरा इंच, वीस इंच

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या वाडीत एक जुना ट्रक उभा आहे. टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी १९५४ साली करार केला व तो १९६९ साली संपला. त्या पंधरा वर्षांत जमशेदपूरला तयार झालेल्या गाड्यांच्या तोंडावर तीन टोकांचा तारा असे. हा ट्रक त्यांतलाच. थोरल्या मुलाने तो पुन्हा रस्त्यावर आणण्याचे मनावर घेतले आणि बापलेकांत खटका उडाला तो स्टिअरिंगवरून.

जुन्या चाकाला भेगा गेल्या आहेत. मुलाने चामड्याने मढवलेले, मोटारीत शोभावे असे पंधरा इंची चाक आणले. "फादर, तुम्हीच सांगा त्याला, हे बाहुलीच्या गाडीचे आहे," वडील म्हणाले.

यंत्रविद्येत आमची गती बेताचीच. पण तरफेचा नियम आम्ही विसरलेलो नाही. टेप लावली, जुने चाक वीस इंच भरले. विसाचे पंधरा केले की तेच वळण घेण्यास हातांना एक तृतीयांश जोर अधिक लावावा लागतो. या ट्रकला पॉवर स्टिअरिंग नाही, पुढच्या आसावर इंजिनाचे ओझे, आणि वडिलांचा उजवा खांदा गेली दोन वर्षे धरलेला. जुन्या कारागिरांनी चाक मोठे केले ते हौस म्हणून नव्हे.

फिटर मात्र दोघांवरही रागावला. स्टिअरिंग चार बोटे फिरले तरी पुढची चाके हलत नव्हती! किंगपिन झिजलेले, सांधे ढिले, स्टिअरिंग बॉक्सही सैल. ते तसेच ठेवून वर नवे चाक बसवणे म्हणजे मोडक्या होडीला नवे वल्हे देणे, असे तो म्हणाला. जुने चाक त्याने हातोडी न मारता पुलर लावून काढले. तत्पूर्वी दांड्यावर व चाकावर छिन्नीने खूण केली, म्हणजे परत बसवताना ते वाकडे बसत नाही. हॉर्नची तार तेवढी तुटली.

आम्हांला खरी धास्ती वाटली ती त्या दांड्याची. सळसळीत पोलादी, थेट चालकाच्या छातीवर रोखलेला. जनरल मोटर्सने १९६७च्या मॉडेलांपासून अपघातात आत दबणारा दांडा आणला; १९६८पासून अमेरिकेत मोटारींना तशी सुरक्षितता सक्तीची झाली. या ट्रकात ती नाही, आणि कोणत्याही सुंदर चाकाने ती येणार नाही. मुलगा हे ऐकून बराच वेळ गप्प होता.

अखेर पंधरा इंची चाक दुकानदाराला परत गेले. जुन्याच्या भेगा कोरून त्यांत इपॉक्सी भरले आहे. ते घासणे वडिलांकडे. किंगपिन नवे आले. सीटबेल्टचे काम अजून व्हायचे आहे. केबिनचा सांगाडा लाकडी असल्याने त्याला पट्टा बांधून भागणार नाही, तो खाली चॅसिसपर्यंत न्यावा लागेल.