न झालेली भेट

१९२८ सालच्या शरद ऋतूतील ही गोष्ट. आज क्रोएशियाची राजधानी असलेल्या झाग्रेब शहराच्या स्थानकावर एक आई आपल्या अठरा वर्षांच्या मुलीला निरोप देण्यास उभी होती. शेजारी थोरली मुलगी आगा होती. गाडी हलली, हातरुमाल हलले आणि धुरात सारे दिसेनासे झाले. लेक सासरी गेली, तरी सणावाराला ती माहेरी येईल अशी आशा आईला असते. या आईला तशी आशा नव्हती. त्या काळी दूरदेशी सेवेसाठी गेलेल्या धर्मभगिनी बहुधा पुन्हा घर पाहत नसत.

आईचे नाव द्राना. तिचे घर स्कोपिये शहरात होते. मुलीचे नाव अॅग्नेस; पण घरात सारे तिला गोंजा म्हणत. अल्बेनियन भाषेत गोंजा म्हणजे फुलाची कळी. १९१९ साली वडील अकस्मात वारले, तेव्हा कळी जेमतेम आठ वर्षांची होती. द्रानाने शिवण व भरतकाम यांवर तीन मुलांचा संसार सावरला. घरात सुबत्ता नव्हती, तरी तिच्या पंगतीला कोणी ना कोणी गरीब माणूस असायचाच. हे कोण, असे मुलांनी विचारले, की आपलीच माणसे, एवढेच ती सांगे. गावात अंगभर जखमा झालेली एक निराधार बाई होती. द्राना तिच्याकडे जाऊन तिला न्हाऊमाखू घाली आणि कळी शेजारी उभी राहून पाहत असे.

पुढे याच कळीने हिंदुस्थानात जाऊन सेवा करण्याचा मनोदय सांगितला, तेव्हा द्राना आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतले. चोवीस तास ते दार उघडले नाही. आत ती रडली की प्रार्थना करीत बसली, हे कोणालाच कळले नाही. बाहेर आली ती संमती घेऊनच.

आधी आयर्लंडला आणि तेथून बोटीने प्रवास करीत अॅग्नेस ६ जानेवारी १९२९ रोजी कलकत्त्यास पोहोचली. तिने तेरेसा हे नाव घेतले व ती शाळेत शिकवू लागली. काही वर्षांनी आपल्या कामाची आनंदाची वार्ता तिने आईला कळविली. आईने उत्तरात त्या जखमी बाईची आठवण दिली आणि तू गरिबांसाठी तिकडे गेली आहेस हे विसरू नकोस, असे बजावले. हे उत्तर कोणाला कठोर वाटेल. परंतु १९४८ साली शाळेच्या आवाराबाहेर पडून झोपडपट्टीत शिरलेल्या तेरेसांना ते खासच उपयोगी पडले असेल.

इकडे द्राना आगासह अल्बेनियाची राजधानी तिराना येथे राहावयास गेली होती. मुलगा लाझार इटलीत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अल्बेनियात एन्व्हर होजाची कडक राजवट आली. देशातून बाहेर जाणे कोणालाही जवळजवळ अशक्य झाले. १९६७ साली तर तेथील सर्व चर्च आणि मशिदी बंद करण्यात आल्या. म्हाताऱ्या द्रानाची एकच इच्छा उरली होती : डोळे मिटण्यापूर्वी मुलाला आणि धाकट्या लेकीला एकदा पाहावे.

लाझारची व तेरेसांची १९६० साली रोममध्ये भेट झाली, ती तीस वर्षांहून अधिक काळाने. दोघांनी आईला बाहेर आणण्याचा निश्चय केला. तेरेसांनी रोममधील अल्बेनियाच्या वकिलातीत जाऊन विनवणी केली. मोठमोठ्या मुत्सद्द्यांकडून शब्द टाकून पाहिला. १९६२ साली भारताने त्यांना पद्मश्री दिली होती. त्यांचे काम देशोदेशी पोहोचत होते. पण तिरानाचे एक दार मात्र उघडेना. वृद्ध मायलेकींना देश सोडण्याची परवानगी मिळाली नाही.

एक वाट होती. तेरेसांनी स्वतः अल्बेनियात जावे. मात्र आत गेल्यावर परत बाहेर येता येईल, याची हमी कोणी देईना. इकडे कलकत्त्यात रस्त्यावरून उचलून आणलेले मरणोन्मुख लोक होते, टाकून दिलेली अर्भके होती, कुष्ठरोगी होते. तिकडे आई होती. यांतून निवड करणे सोपे होते असे म्हणणाऱ्याने आई ओळखलीच नाही. तेरेसा गेल्या नाहीत. पंगतीला आलेल्यांना आपलीच माणसे म्हणावयास ज्या माउलीने शिकविले, तिच्याचपासून त्या माणसांमुळे दूर राहावे लागले.

१२ जुलै १९७२ रोजी द्राना तिरानात निवर्तली. पुढच्याच वर्षी आगाही गेली. दोघींपैकी कोणाचीही तेरेसांशी पुन्हा गाठ पडली नाही. १९७९ साली तेरेसांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, तेव्हा ते पाहावयास आई नव्हती.

होजा १९८५ साली मरण पावला. १९८९ च्या ऑगस्टमध्ये अल्बेनियाने अखेर मदर तेरेसांना प्रवेश दिला. त्या वेळी त्या एकोणऐंशी वर्षांच्या होत आल्या होत्या. निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेली ती वाकलेली मूर्ती तिरानाच्या दफनभूमीत शिरली. झाग्रेबच्या फलाटावरील निरोपाला साठ वर्षे उलटून गेली होती. त्यांनी आईच्या कबरीवर फुले ठेवली, प्रार्थना केली आणि त्या कलकत्त्याच्या कामाकडे परतल्या.