तेल पाजण्याआधी

वाळलेलं कातडं हाती आलं की मी आधी कडेला नख लावून बघतो. बोटाला तांबूस भुकटी लागली तर तेलाची बाटली उचलतच नाही. जुन्या ग्रंथांच्या चामडी बांधण्या अशा भुसभुशीत होतात. शहराच्या हवेतला सल्फर डायऑक्साइड आत मुरतो, त्याचं आम्ल होतं आणि ते तंतूच तोडतं. अशा कातड्याला तेल पाजलं तर ते फक्त काळवंडतं. अल्कोहोलात विरघळवलेल्या हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोजचा पातळ हात दिला, तर सुटी भुकटी निदान जागेवर बसते.

भुकटी नसेल तर जीव आहे. मारुंजीत एप्रिलची झळ लागली की माळ्यावरच्या कोल्हापुरी वहाणा लाकडासारख्या ताठतात. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं हे कातडं. त्याचे तंतू एकमेकांवरून सरकायला ओलावा आणि तेल दोन्ही हवं. लोक ओलावा विसरतात. मी ओलसर फडकं फिरवून रात्रभर झाकून ठेवतो, मग कोमट एरंडेल, तेही बेतानं. जवसाचं नको, ते वाळून कडक होतं. शेंगदाण्याचं खवट होतं. जास्त पाजलं की वाद्या सैल पडतात आणि आषाढात बुरशी येते ती वेगळीच. ओल्या कातड्याला हेअर ड्रायर तर लावूच नये. असं नवं कातडंही पाण्यात 75 ते 85 अंशांच्या आसपास आकसतं, जुनं त्याच्या कितीतरी आधी.

एकदा मोटेची सोंड आली, नव्या फ्लॅटच्या भिंतीवर लावायला. घडीवर चिरलेली. चीर तेलानं मिटत नाही, म्हणून मागून पातळ कातडं गव्हाच्या खळीनं चिकटवलं. विहिरीच्या पाण्याचे डाग मालकांना नको होते. मी ते काढले नाहीत. डाग गेले तर ती सोंड कसली?

हिंजवडीच्या आयटी पार्कातून येतात त्या बहुतेक पापुद्रे सुटलेल्या ऑफिस बॅगा. वरचा थर पॉलियुरेथेनचा, दमट हवेत तो आपसूक विघटतो.

"काका, थोडं तेल लावून बघा ना."

तेल जिरायला खाली कातडं तर हवं! अशी बॅग मी परत देतो. चेन चांगली असेल तर तेवढी काढून ठेवा म्हणतो.