तण, आप्पा आणि जिरेनियम

शनिवारी सकाळी माझ्या वयाची माणसं काय करतात माहीत नाही, मी गुडघ्यांवर बसून तण उपटत असे. दर शनिवारी. आता बसत नाही (जवळजवळ). त्याचीच ही गोष्ट.

२०१४ साली आम्ही इंग्लंडात रेडिंगला घर घेतलं. मागे छोटीशी बाग आणि बागेच्या टोकाला एक जुनं सिकमोरचं झाड. त्या झाडाखालच्या सहा बाय आठ फुटांच्या तुकड्यात धड काही उगवत नसे. ऊन पोचत नाही, पाऊस वरच्या पानांवर अडतो आणि उरलेली ओल झाडाची मुळं पिऊन टाकतात. हिरवळ दोनदा पेरली, दोनदा गेली. तिथे मजेत राहायचं ते फक्त ग्राउंड एल्डर नावाचं एक चिवट तण. वरून उपटलं की आठवड्यात परत हजर. जुना बग, रीस्टार्ट केला की तात्पुरता जातो, तसं.

ऑफिसात कुणीतरी म्हणालं, जिरेनियम लाव, जमीन झाकून टाकतं. झालं! दुकानातून 'जिरेनियम' अशी पाटी लावलेली लालभडक फुलांची डझनभर रोपं आणली आणि लावली. हिवाळ्यातली पहिली कडाक्याची रात्र झाली आणि सकाळी सगळी काळी पडून आडवी.

मग (उशिरा) वाचन केलं. कुंड्यांमध्ये दिसतं ते लाल फुलांचं झाड मुळात पेलार्गोनियम, बहुतेक जाती दक्षिण आफ्रिकेतल्या. थंडीनं गोठलं की संपलं. लिनियसनं १७५३ मध्ये दोघांना एकाच जिरेनियम नावाखाली टाकलं होतं. पुढे १७८९ मध्ये लेरितिए नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं पेलार्गोनियम वेगळं काढलं. म्हणजे रिफॅक्टरिंग सव्वादोनशे वर्षांपूर्वीच झालेलं, युजर्सनी मात्र अजून अपग्रेड केलेलं नाही. खरी जिरेनियम ती, जी जमिनीत बर्फ सोसून वसंतात पुन्हा फुटतात. मला ती हवी होती.

२०१५ च्या मे महिन्यात आई-आप्पा आले, व्हिसाचे पुरते सहा महिने राहायला. आप्पा कराडजवळच्या गावचे, आयुष्य उसात गेलेलं. दुसऱ्याच दिवशी ते झाडाखाली जाऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, "आरं, ही तर हिकडची हरळी!"

ज्यांनी शेतात हरळी खणलीय त्यांना पुढचं सांगायला नको. जमिनीत पांढऱ्या मुळांचं जाळं असतं आणि एक तुकडा राहिला की सगळं परत. मी म्हटलं, आप्पा, तणनाशक आणतो. ते म्हणाले, "दुसरं काम काय हाय मला हितं?" हे वाक्य तेव्हा मी हसण्यावारी नेलं. परक्या देशात, भाषा येत नाही, मुलगा-सून दिवसभर ऑफिसात... सहा महिने त्या माणसानं काय केलं असतं, हा विचार मी तेव्हा केलाच नाही. ते रोज तास-दोन तास खणायचे. फोर्कनं माती उचलायची, बोटांनी चाळायची, मुळं बादलीत. संध्याकाळी मी घरी आलो की बादली दाखवायचे.

शेजारच्या आजीबाई कुंपणावरून हे बघत होत्या. सप्टेंबरात त्यांनी एक टोपलीभर जिरेनियम मॅक्रोरायझम आणून दिलं. जाडजूड खोडासारखे कंद, वर मऊ, केसाळ, उग्र वासाची पानं. आप्पांनी पान चुरडून हुंगलं. "ओव्यात टर्पेंटाइन वतल्यागत." पण झाड त्यांना पसंत पडलं. त्याचे त्यांनी एकवीस तुकडे केले (गणपतीचे दिवस होते, मोदकांसारखा आकडा!) आणि दीड-दीड फुटावर लावले. प्रत्येकाला तांब्याभर पाणी. मधल्या मोकळ्या जागेत वाळलेली पानं पसरली, ऊस तोडल्यावर पाचट पसरतात तशी. मला म्हणाले, "जमीन उघडी ठिवायची न्हाय. आपण न्हाय झाकली तर ती सोताच झाकून घेती, आन् मग रडायचं आपण."

ग्राउंडकव्हरबद्दल त्यानंतर मी बरंच वाचलंय, पण याहून जास्त कुणी सांगितलेलं नाही.

पहिल्या वर्षी निराशाच. एकवीस केविलवाणे झुबके आणि मधून डोकावणारं तण. दुसऱ्या वर्षी पानांना पानं भिडली. तिसऱ्या, म्हणजे २०१८ च्या वसंतात माती दिसेनाशी झाली आणि मे महिन्यात अख्ख्या तुकड्यावर गुलाबी फुलं. गोगलगायी तोंड लावत नाहीत, कोरडी सावली चालते, थंडीत पानं थोडी लालसर होतात पण बरीचशी टिकतात. म्हणूनच तणाला जागा मिळत नाही.

उन्हाच्या बाजूला मी रोझॅन नावाचं जिरेनियम लावलं. निळं-जांभळं, जूनपासून थंडी पडेपर्यंत फुलत राहतं. १९८९ मध्ये सॉमरसेटमधल्या एका जोडप्याच्या बागेत ते आपोआप उगवलं, बाईंचंच नाव त्याला दिलं, आणि २०१३ मध्ये चेल्सी फ्लॉवर शोच्या शंभरीचं झाड म्हणून निवडून आलं. दिसायला लाख! पण हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळतं आणि माती उघडी पडते. आप्पांच्या परीक्षेत नापास.

आप्पांनी ती गुलाबी फुलं प्रत्यक्ष पाहिली नाहीत. 'पुढच्या वर्षी येतो' म्हणता म्हणता २०१९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. मी दोन आठवडे जाऊन आलो. २०२० मध्ये पुन्हा दवाखान्यात होते तेव्हा विमानंच बंद होती. मी इथे बसून मीटिंगा करत होतो.

आमच्यात तसं बोलणं कमीच. पैसे पोचले का, पाऊस झाला का, संपलं. आता दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी फोन घेऊन बागेत जातो. रोझॅनचे आईबाप दोन्ही हिमालयातल्या जाती आहेत हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "मंग... आपलंच की." एकदा महाराष्ट्रात जिरेनियमच्या तेलाची शेती चालते अशी बातमी आईनं त्यांना वाचून दाखवली, तर मला प्रश्न, "तेल... काढतोस का?" ते पेलार्गोनियम हो आप्पा, असं म्हणून मी पुन्हा १७८९ पासून सुरुवात केली. शांतपणे ऐकून घेतलं. आई मागून हसत होती.

गेल्या रविवारी बादली पालथी घालून तिच्यावर फोन टेकवला आणि मी सुकलेले दांडे कापत बसलो. आप्पा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं झोप लागली. मग आवाज आला, "डावीकडं."

"काय आप्पा?"

"डावीकडं... तुज्या नव्हं, माज्या... तण."

मी पानं बाजूला केली. खाली ग्राउंड एल्डरची तीन पानं होती, कोवळी, बोटभर. मी उपटायला हात घातला.

"उपटू नगं," आप्पा म्हणाले, अजिबात न अडखळता. "खण."

मी शेडमधून फोर्क आणायला गेलो.