केटीचं काय करायचं?

एस.ई.ला असताना दिवाळीच्या सुट्टीआधी मी घरी फोन केला. "आई, केटीचं काहीतरी करायचं राहिलंय, दोन दिवस उशिरा येते." पलीकडे एकदम शांतता. मग आईचा खोल गेलेला आवाज आला, "किती विषय?"

विषय एकच होता. चार पाय, एक शेपूट आणि अंगावर काळी-पिवळी-पांढरी ठिगळं. गर्ल्स हॉस्टेलच्या मेसमागे, गॅस सिलेंडरच्या जाळीवर दुपारी जी पसरलेली असते, तीच. एका सीनियरने तिचं नाव किटी ठेवलं होतं. ऐकणाऱ्यांनी केटी ऐकलं, आणि इंजिनियरिंग कॉलेजात दुसरं काय टिकणार? ती सीनियर ऑल क्लिअर होऊन पुण्याला नोकरीला लागली. केटी तेवढी मागे राहिली, माझ्या नावावर.

तर मंडळी, केटीची अडचण वर्षातून दोनदा येते, दिवाळीत आणि मेमध्ये. मेस बंद, हॉस्टेलला कुलूप, आणि तीनशे मुलींच्या ताटातल्या उरल्यासुरल्यावर जगणाऱ्या जिवाला कुणी सांगितलेलं नसतं की सुट्टी लागली.

पहिल्या वर्षी हा प्रश्न मी फार झटपट सोडवला, म्हणजे चुकीचा सोडवला. मेसच्या मावशी वाकसईच्या. घरापुढे अंगण, मागे भाताची खाचरं, गोठ्यात दोन म्हशी. मावशी म्हणाल्या, "द्या की माझ्याकडं, आमच्यात चार मांजरं असत्यातच कायम." मला वाटलं, झालं! मॅगीच्या खोक्याला भोकं पाडली, केटीला आत कोंबलं (माझ्या हातावरची खूण अजून आहे), सिक्स सीटरने वाकसईला नेऊन सोडलं आणि संध्याकाळच्या गाडीने मी घरी.

तिसऱ्या दिवशी मावशींचा फोन. "ताई, मांजर काय ऱ्हाईलं न्हाई बघा."

त्यानंतरचे दिवस मला फराळ गोड लागला नाही. वाकसई ते हॉस्टेल म्हणजे चारेक किलोमीटर, आणि मध्ये जुना मुंबई-पुणे रस्ता. अकराव्या दिवशी वॉचमन काकांना केटी हॉस्टेलच्या पायरीवर दिसली. बरगड्या मोजता येत होत्या, एक कान फाटलेला. वरसोलीचा टोलनाका तिने कसा पार केला, ट्रकच्या रांगेतून कशी आली, हे तिलाच माहीत. मी आल्यावर तिने माझ्याकडे बघून फक्त तोंड उघडलं. आवाज आला नाही.

मावशींची यात काहीच चूक नव्हती. मांजर नव्या जागी नेलं तर निदान पहिले काही दिवस, जमल्यास दोन आठवडे, एका खोलीत बंद ठेवावं लागतं. तिथला वास, तिथले आवाज, जेवण मिळण्याची जागा हे अंगवळणी पडलं की मग दार उघडायचं. हे मी मावशींना सांगितलंच नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. कुत्रं माणसाच्या मागे कुठेही जातं. मांजराचं आधी जागेशी जुळतं, मग त्या जागेतल्या माणसाशी. पंधरा दिवसांच्या सुट्टीसाठी त्याची जागाच बदलायची म्हणजे ताप आला म्हणून घर बदलण्यासारखं. खरं तर मांजराने जागेवर राहायचं आणि माणसाने त्याच्याकडे यायचं. एवढं साधं कळायला मला एक फाटलेला कान लागला.

या वर्षी मी टी.ई.ला. सप्टेंबरपासूनच तयारी सुरू केली, सबमिशनची कधी केली नाही इतकी! घरी न्यायचा प्रश्नच नव्हता, आईला दमा आहे. पुण्यात प्राणी ठेवून घेणाऱ्या एका ठिकाणी फोन केला. त्यांनी लसीकरणाचं कार्ड आहे का विचारलं, हे मला आवडलं. मग दिवसाचा दर सांगितला, तो मात्र आवडला नाही. शिवाय तिथे पिंजरा, आणि पुन्हा नवी जागा. तळेगावच्या एका मैत्रिणीने मनापासून तयारी दाखवली, पण तिच्या घरी जर्मन शेफर्ड आहे. वर्गातल्या दोन मुलांना कळल्यावर त्यांच्यातला इंजिनियर जागा झाला. आर्डुइनो, एक सर्व्हो मोटर आणि कापलेल्या पाण्याच्या बाटलीचं नरसाळं अशी जुळणी करून त्यांनी वेळेवर खाणं टाकणारं यंत्र बनवलं. पहिल्या रात्री यंत्राने दोन वाजता सगळं खाणं एकदम ओतलं आणि सकाळी तिथे मुंग्या आणि कावळ्यांचं संमेलन भरलं. दुसऱ्या रात्री मात्र यंत्र अगदी बरोबर चाललं, हे त्यांच्या वतीने इथे नमूद करते.

पण यंत्र किती टाकलं ते सांगतं, कुणी खाल्लं ते सांगत नाही. आणि मांजराच्या बाबतीत तेच तर बघायचं असतं. मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर 'भूक लागली की खाईल' म्हणून बसायचं नसतं. अंगातली चरबी यकृतात साचत जाते आणि ते खरोखर आजारी पडतं, जाडं असेल तर जास्तच लवकर. म्हणजे मला खाणं टाकणारं नको होतं, बघणारं हवं होतं.

विंगमध्ये यावर एक परिषदही झाली. एकीचं म्हणणं, "अगं मांजर आहे ते, उंदीर खाईल, इतकं काय?" मी चिडून मोबाईलवर कायदा शोधला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ प्रमाणे उपासमार होईल अशा अवस्थेत कुठलाही प्राणी सोडून देणं हा गुन्हा आहे. मी विजयी मुद्रेने वाचून दाखवलं. मग पुढची ओळ वाचली : पहिल्या गुन्ह्याला दंड, दहा ते पन्नास रुपये. लोणावळ्यात पन्नास रुपयांत धड चिक्कीही येत नाही! परिषद हसत हसत उठली. मला मात्र रात्रभर ते दहा रुपये टोचत होते.

शेवटी वॉचमन काकांनाच विचारलं. ते, काकू आणि त्यांची मुलगी आवारातल्याच खोलीत राहतात. मुलगी नगरपरिषदेच्या शाळेत सातवीत. काका म्हणाले, "मी ड्यूटीवर, मला जमंल न जमंल. ही बघंल." ही म्हणजे मुलगी. ती दाराआडून आधीच बघत होती.

मी सूचनांचा कागद तयार केला. टाईप केलेला, इंग्रजीत, चौदा मुद्दे. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला, नीट घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. ती घडी बघून माझ्या लक्षात आलं की हा कागद आता पुन्हा उघडणार नाही. रात्री बसून मराठीत लिहायला घेतलं. मी कॉन्व्हेंटची, दहावीनंतर मराठीत सलग एक पानही लिहिलेलं नाही. 'लिटर बॉक्स'ला काय म्हणायचं इथपासून सुरुवात. (मातीची पाटी. रूममेटने सांगितलं.) तरी लिहिलं. दूध देऊ नये, मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा ते पचत नाही, पोट बिघडतं. आवारातल्या कुत्र्यांचं तयार खाणं रोज देऊ नये, मांजराला टॉरिन नावाचं जे द्रव्य लागतं ते त्यात पुरेसं नसतं आणि डोळे नि हृदय खराब होतं. मरगळलेली दिसली तरी तापाची गोळी अजिबात नाही, पॅरासिटामॉल मांजराला विषासारखं आहे. रेबीजची लस टोचलेली आहे, कार्ड सोबत. तरी चावली किंवा ओरबाडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. हा मुद्दा मी दोनदा अधोरेखित केला, कारण एका लहान मुलीवर मी नखं-दात असलेलं काम टाकत होते.

दुसऱ्या दिवशी कागद परत आला. लाल पेनाने तपासलेला! 'दुध'चं 'दूध', 'तीला'चं 'तिला', 'पाणि'चं 'पाणी'. खाली १० पैकी ७. वर विचारणा, "ताई, टॉरिन कशात असतं?" मासे, मटण, कलेजी. मी सांगितलं आणि तिने ते वहीत लिहून घेतलं. तेव्हाच मी निर्धास्त व्हायला हवं होतं.

पैशांचं बोलले तर काकूंनी हात जोडले. माझं मत असं की कामाचे पैसे द्यावेत, नाहीतर ते उपकार होतात आणि उपकारात माणूस तक्रार करत नाही. मुलगी जास्त व्यवहारी निघाली. म्हणाली, "ताई, तुमच्याकडं ते मोठं पट्टीचं यंत्र आहे ना, मला ते पाहिजे." मिनी ड्राफ्टर! एफ.ई.नंतर प्रत्येकीच्या कॉटखाली धूळ खात पडलेला असतो तो. सौदा झाला. कलेजीचे आणि सुक्या बोंबलाचे पैसे मात्र मी काकूंकडे आधीच ठेवले.

घरी पोचले. रोज संध्याकाळी एक मिस्ड कॉल म्हणजे सगळं ठीक, असं ठरलं होतं. वसुबारसेला आला, धनत्रयोदशीला आला. लक्ष्मीपूजनाला आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन, "ताई, केटी नाहीये." आजूबाजूच्या बंगल्यांमधून पाहुण्यांनी रात्री दोनपर्यंत फटाके उडवले होते. ताटली तशीच, पाणीही तसंच.

बाबा म्हणाले, मांजरच ते, येईल. ते नेहमीच्या हिशोबाने बरोबर होते. पण मला तो फाटलेला कान दिसत होता. दिवसभर फोनवरून मी सूचना देत होते : हाका मार, डबा वाजव, टॉर्च घेऊन गॅलरीखाली बघ. ती "हो ताई" म्हणत होती. रात्री मी पुण्याच्या बसचं तिकीट बघत बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे जवळजवळ दोन दिवसांनी, मिस्ड कॉल आला. एक. ठीक.

काय झालं ते परतल्यावर वहीत वाचलं. तिने रोजची नोंद ठेवली होती, पान आखून. वसुबारसेच्या पानावर, "रांगोळीत गाय-वासरू काढले. केटी वासरावर बसली." त्या दोन दिवसांचं पान असं होतं :

"ताईंनी सांगितले तशा हाका मारल्या. केटी आली नाही. मग पप्पांनी मॅडमना फोन करून परवानगी घेतली आणि वरचा मजला उघडला. केटी ताईंच्या रूमच्या दारात चपलांच्या रॅकमागे होती. डोळे मोठे. मी जवळ गेले तर मागे सरकली. मग मी ताटली ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून गणिताचा गृहपाठ केला. एक तास तिच्याकडे बघितले नाही. सहा गणिते झाली. मग खाण्याचा आवाज आला. तरी बघितले नाही."

हे माझ्या कागदावर कुठेच नव्हतं. माझ्या सगळ्या सूचना नेमक्या उलट्या होत्या. घाबरलेल्या मांजराला हाका मारणं आणि डबा बडवणं म्हणजे आणखी फटाकेच. १० पैकी ७ सुद्धा जास्तच दिले होते तिने.

(रेक्टर मॅडम, तुम्हाला मांजर अधिकृतपणे दिसत नाही हे आम्हाला माहीत आहे. तरी पाडव्याच्या दिवशी घरून फोनवर परवानगी दिलीत, त्याबद्दल थँक यू.)

मी आले तेव्हा केटी पायरीवर होती. मला वाटलं धावत येईल. तिने माझ्या बॅगेचा वास घेतला आणि त्या मुलीच्या मागे मागे खोलीकडे निघून गेली. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, बऱ्यापैकी वाटलं. मिनी ड्राफ्टर द्यायला गेले तर केटी त्यांच्या दिवाणाखाली झोपलेली. मुलीने ड्राफ्टर दाराला लावून बघितला, दोन समांतर रेघा ओढल्या, खूश झाली. मग तिने विचारलं, "ताई, तुमचं लास्ट इयर झालं की केटी कुणाची?"

मी म्हटलं, "तुझी?"

तिने काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "आमचं कंत्राट मार्चपर्यंत हाय. एजन्सी पुढं कुठं टाकंल, काय सांगावं."

मांजर चांगलं सांभाळलं तर बारा-पंधरा वर्षं जगतं. इंजिनियरिंग चार वर्षांचं. (काहींचं सहा, पण ते जाऊ दे.) केटीला आता तीन वर्षं झाली असतील. माझ्या आधी ती सीनियर, तिच्या आधी बहुतेक कुणीच नाही. वर्गणी काढून ऑपरेशन त्या सीनियरनेच करून घेतलं, म्हणून निदान पिल्लांचा प्रश्न नाही. त्या वेळी तिनेही मला असंच विचारलं होतं, सामान टेम्पोत चढवताना, "तू बघशील ना हिला?" मी पटकन हो म्हटलं. तिने तेव्हा ट्रंक उचलायच्या निमित्ताने तोंड का फिरवलं, ते आत्ता कळतंय.

तर आता कामाचं. मे महिन्याच्या सुट्टीत काका असले तर त्यांची मुलगी आहेच. नसले तर लोणावळ्यात राहणारी, रोज दोनदा हॉस्टेलवर येऊ शकणारी कुणीतरी हवी. त्याशिवाय एफ.ई. किंवा एस.ई.च्या दोघी हव्यात, एकटी नको, ज्या मी गेल्यावर केटी घेतील. स्टाफ क्वार्टर्समधल्या कुणाला कायमची हवी असेल तर सर्वांत उत्तम, तिला जागाही फारशी बदलावी लागणार नाही. नावं दोनशे चौदामध्ये द्यावीत. वही मिळेल, लसीचं कार्ड मिळेल, लाल पेनाने तपासलेला कागद मिळेल. मिनी ड्राफ्टर आता शिल्लक नाही.