बारीक माणसाची बॉर्डर

दारव्ह्यात शुगरबद्दल एक पक्का समज आहे: ती ढेरपोट्या शेठला होते, कापसाच्या शेतात राबणाऱ्या काडीपैलवानाला होत नाही. माझे बाबा या समजाचे बळी. आयुष्यभर वजन बावन्न किलो. शेतात पायाच्या अंगठ्याला विळा लागला, जखम दोन महिने भरली नाही, तेव्हा कुठे रक्त तपासलं गेलं. शुगर ३४० निघाली. त्याआधी तहान, थकवा, रात्री चार-चारदा उठणं, सगळ्याला एकच उत्तर मिळायचं: "उन्हात काम करता ना काका, तहान लागतेच." बारीक माणसाची शुगर तपासावी असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. अंगठा काढावा लागला.

म्हणून सत्ताविसाव्या वर्षी मी स्वतःहून तपासणी करून घेतली. उंची १७० सेंटिमीटर, वजन ५४ किलो. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ६.० आली. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, आमच्या भाषेत 'बॉर्डरवर'. मित्र हसले. "आबे, तुले कायची शुगर? वाऱ्यानं उडशीन तू!"

त्याच महिन्यात माझ्या चुलतभावानंही, दादानं, तीच टेस्ट केली. तो ८६ किलोचा, पोट सुटलेला. त्याचाही आकडा ६.०. दोघांना हातात मिळालेला छापील कागदही एकच: वजन कमी करा, गोड बंद करा, रोज चाला.

आता ५४ किलोच्या माणसानं वजन कुठून कमी करायचं?

वाचत गेलो तसं कळलं की बॉर्डर एकच नसते. उपाशीपोटीची शुगर १०० ते १२५ असेल तर तो एक प्रकार. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तासांनी शुगर १४० ते १९९ असेल तर तो दुसरा. दोन्ही वाढलेल्या असतील तर तिसरा, आणि पुढे डायबेटिस होण्याचा धोका त्यात सगळ्यात जास्त. ढोबळमानानं सांगायचं तर उपाशीपोटीचा आकडा सांगतो की रात्रभर लिव्हर किती साखर रक्तात सोडतंय. दोन तासांनंतरचा आकडा सांगतो की आलेली साखर स्नायू किती उचलतायत आणि स्वादुपिंड इन्सुलिन पुरवायला पुरं पडतंय का.

आम्ही दोघांनी ग्लुकोजची टेस्ट केली. दादा: उपाशीपोटी ११६, दोन तासांनी १२८. मी: उपाशीपोटी ९४, दोन तासांनी १६८. एचबीएवनसी सारखंच, पण बिघाड वेगवेगळा. मी फक्त उपाशीपोटीची शुगर बघितली असती, तर 'नॉर्मल' म्हणून घरी आलो असतो.

बारीक माणसाच्या शुगरचं कोडं सगळ्यात चिकाटीनं सोडवायला घेतलं ते महाराष्ट्रातच. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ, आतून चरबीवाला भारतीय माणूस जगाला दिसला तो असा.

त्याच टीमनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास सुरू केला. ती बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपासची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी. पण त्यांची चरबी तेवढ्या प्रमाणात कमी नव्हती. कमी पडले होते ते स्नायू. हीच मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली शुगरच्या बॉर्डरवर किंवा पलीकडे होत्या. आणि जवळपास निम्मी मुलं कमी वजनाची होती.

हे वाचून मी आईला माझं जन्माचं वजन विचारलं. "सव्वादोन किलो होता तू. नववा महिना लागेलोक कापूस वेचला म्या."

जर्मनीत ट्युबिंगनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये याच्याही पुढचं पाऊल टाकलं. डायबेटिस नसलेल्या, पण धोका असलेल्या लोकांचे त्यांनी सहा गट पाडले. तीन गटांना धोका कमी. एका गटात इन्सुलिनच कमी बनतं, दुसऱ्यात लिव्हरवर चरबी चढून शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. या दोघांना डायबेटिसचा धोका मोठा. सहाव्या गटाची शुगर सावकाश वाढते, पण किडनीला धोका असतो. हा अभ्यास युरोपातल्या लोकांवरचा आहे आणि असे गट पाडणं अजून रोजच्या तपासणीत आलेलं नाही. तरी मुद्दा कळतो: बॉर्डरवरून पुढे जाणारी वाट प्रत्येकाची वेगळी.

उपायांचंही तेच. चेन्नईच्या २००६ च्या अभ्यासात बॉर्डरवरच्या ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला दिला, त्यांतल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत डायबेटिस झाला. आहार-व्यायाम नीट करवून घेतलेल्यांत ३९ टक्क्यांना. चेन्नईच्याच २०१६ च्या अभ्यासात, जादा वजनाच्या लोकांमध्ये, आहार-व्यायाम आणि गरजेपुरत्या मेटफॉर्मिननं धोका ३२ टक्क्यांनी घटला. पण ज्यांची फक्त उपाशीपोटीची शुगर वाढलेली होती त्यांच्यात जेमतेम १२ टक्क्यांनी.

दादा सहा महिने यवतमाळ रोडवर पहाटे चालला. पोट थोडं उतरलं, उपाशीपोटीचा आकडा ११४ वर अडून बसला. घरात सगळे म्हणायचे, "चोरून गोड खात असशीन." मी त्याला तो १२ टक्क्यांचा आकडा दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे सगळीच चूक माही नाही ना?" चालणं त्यानं सोडलं नाही. फक्त आता तो लिव्हरची सोनोग्राफी करून डॉक्टरांशी औषधाबद्दल बोलतोय. मला डॉक्टरांनी सांगितलं, वजन घटवू नकोस, स्नायू वाढव. बैठका, वजन उचलणं, ताटात तुरीचं वरण आणि हरभरा जास्त, भात कमी.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट. विदर्भात सिकलसेल बरंच आहे. त्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीएवनसी खोटं कमी दिसू शकतं. नुसते वाहक असाल तरी काही मशीन चुकतात. उलट लोह कमी असलेल्या ॲनिमियात आकडा खोटा जास्त येऊ शकतो. म्हणजे ज्या एका आकड्यावर सगळे विसंबतात, तो आपल्याकडे एकटा पुरेसा नाही. लॅबमध्ये उपाशीपोटी आणि ग्लुकोजनंतर दोन तासांनी, अशी दोन्ही वेळची शुगर मागा. घरून दोन भाकरी खाऊन केलेली टेस्ट म्हणजे ही टेस्ट नव्हे.

२०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १३.६ कोटी लोक बॉर्डरवर आहेत, आणि याबाबतीत गाव आणि शहर यांत फारसा फरक नाही. त्यातले कितीतरी बाबांसारखे असतील, ज्यांना बघून कुणाला शंकाही येणार नाही.

माझा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा आहे. वजन ४९ किलो. "मले काय होते बे," म्हणत तीन आठवडे टाळत होता. परवा सोमवारी त्याला उपाशीपोटी लॅबमध्ये नेतोय. सोबत दोन तास बसायला दादाही येणार आहे.