मंद्राचा शोध

तंजावरी वीणेचा आवाज मुळातच लहान आहे, हे तिच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागते. फणसाच्या लाकडातून कोरलेला तुंबा, टोकाला याळीचे मुख, दांडीखाली दुसरा भोपळा आणि मेणात बसविलेले २४ पडदे हे तिचे रूप सतराव्या शतकात रघुनाथ नायकाच्या आश्रयाने स्थिरावले, अशी परंपरा आहे. ते रूप दालनासाठी होते, सभागृहासाठी नव्हे. पुढे भोसल्यांच्या राजवटीत तुळजाराजांनी ‘संगीतसारामृत’ लिहिले. सरफोजीराजांच्या (१७९८–१८३२) पदरी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. पण त्या पितळी वाद्यांशी चढाओढ करण्याचा प्रसंग वीणेवर आला नाही. तो आला ध्वनिक्षेपकांच्या युगात, पंख्यांची घरघर आणि श्रोत्यांची कुजबुज यांच्यामधून वाट काढताना.

वीणेचे संगीत बहुतांशी आघातानंतर घडते. तार छेडली जाते तो क्षण ठळक असतो. परंतु तीच तार आडवी ओढून दोन-तीन स्वरांवरून फिरविलेला गमक विरत चाललेल्या नादात असतो. दूरच्या श्रोत्याला छेड ऐकू येते आणि गमक हरवतो. उप्पलपु श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी विजेच्या मँडोलिनवर कर्नाटक संगीत सिद्ध करून दाखविले, त्यात हा विरता नाद टिकवून धरण्याच्या सोयीचा वाटा लहान नव्हता. वीणेला स्पर्शध्वनिग्राहक लावावा की नाही, हा रसिकांचा वाद म्हणूनच केवळ सोवळ्या-ओवळ्याचा नाही.

तंजावरातील एका मराठीभाषक घरात हा वाद नवरात्राच्या तोंडावर अगदी व्यवहाराचा होऊन बसला. घरातील आत्या उतारवयाची, बोटांतला जोर कमी झालेला. कोलूपुढच्या बैठकीत यंदा वाजवणार नाही, असे तिने सांगून टाकले होते. समोर मायक्रोफोन ठेवला की कर्णा शिट्टी घालतो, आणि न ठेवला तर तिसऱ्या रांगेपर्यंतही काही पोहोचत नाही. भाचा गिटार वाजविणारा. त्याने त्या वाद्यासाठी घरीच एक बूस्ट पेडल जुळविले होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत निघालेल्या ‘एलपीबी-१’ या प्रसिद्ध पेडलचा तो आराखडा: एक ट्रान्झिस्टर, चार रोधक, दोन धारित्रे, एक फिरते नियंत्रक आणि नऊ व्होल्टची बॅटरी. इतक्या थोड्या सामानात बिघाडाला जागा कुठली, असे सकृद्दर्शनी वाटते.

जागा पुष्कळ होती. प्रथम आवाजच फुटेना. मल्टिमीटर लावला, तेव्हा बॅटरी ठीक होती. एका टाक्यावरचे सोल्डर मात्र वरून चकाकणारे आणि आतून सुटे निघाले. ते पुन्हा वितळविल्यावर आवाज आला, पण मूळ गिटारहून फारसा मोठा नाही. आराखड्याची मांडणी २एन ३९०४ या ट्रान्झिस्टरसाठी होती, बाजारात मिळाला होता बीसी ५४७. दोघांचा सपाट चेहरा आपल्याकडे धरला तर पहिल्याचे पाय एमिटर, बेस, कलेक्टर असे, आणि दुसऱ्याचे नेमके उलटे. उलटा बसविलेला ट्रान्झिस्टर मरत नाही, अर्धमेल्यासारखा काम करतो. हे फसवे असते, कारण शोधणारा मग बाकी सगळीकडे दोष पाहत बसतो. तो फिरविताच कलेक्टरवरचा दाब साडेचार व्होल्टच्या आसपास आला, आणि गिटार दणाणली.

मग वीणा. चुंबकीय ग्राहक तिला चालत नाही, कारण खालच्या तारा पितळेच्या, आणि चुंबकाला पितळ जवळजवळ दिसतच नाही. म्हणून तुंब्यावर पिझो चकती चिकटविली. आवाज मोठा झाला खरा, पण पत्र्यावर वाजविल्यासारखा. भाच्याने धारित्रे बदलली, डब्याला धातूचे आवरण दिले, चकतीभोवती तांब्याचा पत्रा गुंडाळून तो जमिनीच्या तारेला जोडला. या शेवटच्या उपायाने ५० हर्ट्झची गुरगुर गेली. पत्र्याचा आवाज राहिला.

दोषाचे नाव आत्याने सांगितले. विद्युत्शास्त्राशी तिचा संबंध नव्हता. सारणी ऐकू येते, पंचम अर्धा येतो, मंद्र आणि अनुमंद्र येतच नाहीत. त्यांच्या नुसत्या सावल्या येतात, एवढेच ती म्हणाली. हे निदान मल्टिमीटरहून अचूक होते. गिटारच्या ग्राहकातील वेटोळ्याचा रोध काही किलोओहमांचा असतो, तेव्हा सुमारे ३० किलोओहमांचे पेडलचे प्रवेशद्वार त्याला पुरते. पिझो चकती ही स्वभावाने धारित्र. तिची धारिता २० नॅनोफॅरडच्या घरातली धरली, तर अशा दारातून अडीचशे-तीनशे हर्ट्झच्या खालचे स्वर उतरत्या क्रमाने गळत जातात. वीणेची सारणी १६५ हर्ट्झच्या आसपास लावली, तर तिच्याखाली पंचम सुमारे १२३, मंद्र ८२ आणि अनुमंद्र ६२ वर येतात. म्हणजे चारही तारांचे मूळ स्वर त्या गळतीत सापडले होते. सारणी बरीचशी वाचल्यासारखी वाटली, ती तिच्या वरच्या उपस्वरांमुळे.

पेडल बिघडलेले नव्हते, चकतीही नव्हती. बिघडला होता दोघांचा शेजार. या जातीचा दोष एकेक भाग तपासून कधीच सापडत नाही, आणि घरगुती कारागिराची चिकाटी नेमकी तिथेच वाया जाते. उपाय सोपा निघाला. दारात बीएफडब्ल्यू १० हा फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर आणि जमिनीकडे एक मेगाओहमचा रोधक बसविला, की गळतीची सीमा दहा हर्ट्झच्याही खाली जाते. मंद्र परतला. अनुमंद्राचा पहिला आघात आला, तेव्हा आत्याने हात आखडता घेतला. इतका मोठा तो तिने कधी ऐकला नव्हता.

आणि त्या मोठ्या आवाजात एका पडद्यावरची बारीक झणझण उघडी पडली. भाच्याने पुन्हा सोल्डरिंगची लोखंडी काढली. आत्याने ती बाजूला ठेवायला लावली. तंजावरच्या उन्हाने मेण मऊ झाले होते आणि मंद्राच्या खालचा एक पडदा किंचित कलला होता. बूस्ट निवडानिवड करीत नाही. जे असेल ते मोठे करतो.

वीणा करणाऱ्या कारागिराला बोलावले. याच कामासाठी तंजावरची वीणा २०१३ साली भौगोलिक मानांकनाला पात्र ठरली. पण मेणात कोळशाची पूड मिसळून पडदे पुन्हा बसविण्याच्या कामात त्या कागदाचा उपयोग नसतो, तिथे कान लागतो. त्याने पेटीकडे कुतूहलाने पाहिले, तिच्यावरचा तांबडा दिवा विझवायला सांगितला, आणि मेण तापवायला घेतले. पडदा केसभर पुढे की मागे, हे दोघांनी तार छेडून, उघड्या आवाजात ठरविले. भाचा जवळ बसून ऐकत होता. मेण थंड होईपर्यंत कोणी तारेला हात लावला नाही.