माशाशी वैर

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, ही म्हण काही केल्या मनातून जात नाही. मासा बिचारा कुणाचं काय बिघडवणार? मग त्याच्याशी वैर धरणाऱ्याला भीती कसली? मला एवढंच पटतं, की मासा तिथला कायमचा रहिवासी असतो आणि त्याच्याशी बिनसलं की आपलंच राहणं अवघड होतं. पण हा शेजारधर्माचा अर्थ घेतला की आमच्या अंबरनाथ-बदलापूरहून मालवणला जाणाऱ्या हौशी पाणबुड्याचं काय करायचं, ते कळेनासं होतं. रात्री ठाण्याला कोकणकन्या एक्सप्रेस धरायची, सकाळी कुडाळला उतरून मालवण गाठायचं, होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जायचं आणि गाइडच्या आधारानं थोडा वेळ पाण्याखाली काढायचा. पोहता येत नसलं तरी चालतं. पट्ट्यापट्ट्यांचे मासे तोंडाजवळून फिरतात, प्रवाळ दिसतं, व्हिडिओ निघतो. दुपारी तळलेली सुरमई आणि सोलकढी. तो पाण्यात राहतच नाही. म्हणीनं त्याला मोकळं सोडलं आहे का?

सकाळी ज्याला डोळे भरून पाहिलं त्यालाच दुपारी ताटात घेतलं, हे वैर आहे असं कुणी म्हणेल. मला ते मान्य नाही. मालवणचा गाबीत मच्छीमार पिढ्यानपिढ्या मासा मारतो आणि खातो, आणि मासा संपू नये म्हणून माशांचे थवेच्या थवे घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांविरुद्ध समुद्रात आणि रस्त्यावर लढलेले पारंपरिक मच्छीमारच आहेत. ५ फेब्रुवारी २०१६ला सरकारनं पर्ससीनवर निर्बंध घातले, त्यामागे त्यांचा रेटा होता. पण १९८७मध्ये किल्ल्याभोवतीचं सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं, तेव्हा विरोधही मच्छीमारांनीच केला. वरवर ही विसंगती वाटते. मला तरी वाटत नाही: जो पाण्यावर जगतो, त्याला माशाबद्दलचा निर्णय स्वतःच्या हाती हवा असतो. मासा मारणं म्हणजे वैर नव्हे, हे मालवणच्या रात्रीही सांगतात. हिवाळ्यात जत्रा लागतात, देवळापुढे दशावतार रात्रभर चालतो आणि त्याच्या पूर्वरंगात, म्हणजे आडदशावतारात, वेद पळवणारा संकासुर येतो. पुराणात त्याला मारायला विष्णू मासा होतो. किनाऱ्यावरच्या माणसाला देवाचं हे रूप ठाऊक आहे आणि तरी त्यानं मासा खाणं सोडलेलं नाही. त्याला त्यात कधी अडचण वाटलेली दिसत नाही.

पाण्यावर न जगणाऱ्या हौशी पाणबुड्याला माशाचं काही पडलेलं नसतं, असं यावरून म्हणावं, तर एक आक्षेप मला खरोखर अडवतो. पाहिल्याशिवाय माया लागत नाही. समुद्राचा तळ पाहून आलेला माणूस परतल्यावर आपल्या नदीकडेही बघेल. तसं व्हावं असं मला फार वाटतं. पण अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वाहणारी वालधुनी समोर आहे. मंदिर १०६०चं, त्याचं शिल्प बघायला लोक लांबून येतात, आणि शेजारची नदी सांडपाण्यानं काळवंडून उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. ती पाहायला तर कुठे जावंही लागत नाही. रोज पाहूनही माया लागलेली नाही. उल्हास नदीनं तर २७ जुलै २०१९ला आपल्याला गाठलंच. बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, सुमारे १,०५० प्रवासी होते आणि त्यांच्यासाठी नौदलाला पाणबुड्यांची पथकं पाठवावी लागली. आपण पाण्यापासून लांब राहतो, हा समज त्या दिवशी टिकायला नको होता. आपण पाण्यातच राहतो, म्हणजे म्हण आपल्यालाही लागू आहे, असं मी इथे ठामपणे म्हटलं असतं.

पण ही म्हण प्रत्यक्षात कधी वापरली जाते, ते आठवलं की पाय अडखळतो. ज्याच्यावर पोट अवलंबून आहे त्याच्याविरुद्ध बोलू नकोस, हे सांगण्यासाठी ती वापरतात. वालधुनीकाठच्या कित्येक घरांचा पगार तिच्यात सांडपाणी सोडणाऱ्या एमआयडीसीतल्या कारखान्यांतून येतो, आणि मालवणची सहलही त्याच पगारातून होते. त्या घराला हीच म्हण गप्प राहायला सांगते. मग तिच्यातला मासा नदीतला की पगार देणारा, हे मला आता ठरवता येत नाही, आणि दोन्ही असतील तर कुणाशी वैर टाळायचं हेही नाही.